खानकाह, मठ आणि प्रयोगशाळा : ग्रामीण विद्यापीठाचा एक विचार

ग्रामीण विद्यापीठाची कल्पना भारतात सरकारी कागदावर ठळकपणे उतरली ती १९४८-४९च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या अहवालात. सर्वपल्ली राधाकृष्णन आयोगाचे अध्यक्ष होते. ग्रामीण विद्यापीठांच्या मांडणीवर मात्र छाप होती आर्थर मॉर्गन या अमेरिकी सदस्याची. मॉर्गन पेशाने धरणे बांधणारे अभियंते, टेनेसी खोऱ्याच्या विकास महामंडळाचे पहिले अध्यक्ष. खेड्यातल्या तरुणाला शिक्षणासाठी शहरात पाठवले की तो बहुधा तिथलाच होऊन जातो, म्हणून उच्च शिक्षणच त्याच्या कामाजवळ न्यावे, हा या मांडणीचा गाभा. ती मांडणी पूर्णपणे ऐहिक होती. तिला एखाद्या भक्तिपरंपरेची किंवा सूफी परंपरेची जोड द्यावी, सेवा, समता आणि आत्मसंयम ही मूल्ये त्या परंपरेतून घ्यावीत आणि वर्गात मात्र आधुनिक विज्ञान शिकवावे, हा विचार त्यानंतर दक्षिण आशियात अनेकांनी केला आहे. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याला तो कितपत लागू पडतो हे पाहण्याआधी सूफी मूल्ये म्हणजे नेमके काय, हे ठरवावे लागते. या शब्दाभोवती कव्वालीच्या कार्यक्रमांनी इतके अत्तर शिंपडले आहे की मूळ संस्था दिसेनाशी झाली आहे.

ती मूळ संस्था म्हणजे खानकाह. सूफी गुरू, त्याचे शिष्य आणि येणारे-जाणारे यांचे एकत्र राहण्याचे ते ठिकाण. चिश्ती परंपरेतल्या खानकाहात काही नियम कडक होते. न मागता आलेले दान, ज्याला फुतूह म्हणत, ते साठवायचे नाही, वाटून टाकायचे. लंगरात जात-धर्म न विचारता जेवण. पाणी भरणे, सरपण आणणे, भांडी घासणे ही कामे नव्या शिष्याला आधी, नामजप नंतर. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांनी सुलतानांच्या दरबारापासून राखलेले अंतर प्रसिद्ध आहे. तिथून दक्षिणेत आलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यामुळे चौदाव्या शतकात खुलदाबाद हे या परंपरेचे मोठे केंद्र झाले. पुढे विजापूरकडच्या सूफींनी जात्यावर बसलेल्या बायकांसाठी दखनी बोलीत चक्कीनामे रचले. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत आणि तो जिथे बसला आहे तिथे जाऊन शिकवणे, हे त्यामागचे शिक्षणशास्त्र. ओवीच्या प्रदेशात ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी मुलखात ही परंपरा पाहुणी म्हणून राहिली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादरी शाखेचे सूफी. त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, आणि मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरू मानले. त्यांचे गुरू चांद बोधले यांचे नाव एकनाथांच्या गुरुपरंपरेतही, जनार्दनस्वामींच्या संदर्भात, घेतले जाते. कोकणपट्टीपुरते बोलायचे तर माहीमचे मखदूम अली महिमी (१३७२–१४३१) हे याहून वेगळ्या प्रकारचे उदाहरण आहे. ते नवायत समाजातले, कुराणाचे भाष्यकार आणि इब्न अरबीच्या तत्त्वज्ञानाचे जाणकार. सूफी म्हटला की तो ग्रंथांना पाठ फिरवणारा फकीर, ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि तळकोकणात सूफींशी जुळणाऱ्या मनोवृत्तीचा शोध घेतला तर तो नाथपंथात लागतो. बांद्यात १७१४ साली जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये कुलकर्णीपणाची लेखणी बाजूला ठेवून अध्यात्माकडे वळले आणि अखेरीस उत्तरेत महादजी शिंद्यांच्या मुलखापर्यंत गेले. सीमेपलीकडे गोव्यात पेडणे तालुक्यातल्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. सूफी, नाथ आणि वारकरी यांचे तत्त्वज्ञान एक नाही, पण अहंकार मोडण्यासाठी अंगमेहनतीची सेवा, भुकेल्याला आधी अन्न आणि लोकभाषेत ज्ञान हे तिघांचे व्यवहार एकमेकांना ओळखीचे आहेत. सिंधुदुर्गात सूफी मूल्यांचा विचार करायचा तर तो या सामायिक जागेवरूनच करावा लागेल.

अडचण मात्र इथेच सुरू होते, आणि बहुतेक उत्साही मांडण्या ती टाळतात. सूफी परंपरेत पीर आणि मुरीद यांच्या नात्याचा जुना आदर्श असा की शिष्याने गुरूच्या हाती, प्रेत न्हाऊ घालणाऱ्याच्या हाती असते तसे, असावे. स्वतःची हालचाल नाही, प्रश्न नाही. नाथपंथातला गुरूही याहून सैल नाही. विज्ञानाचा शिक्षक याच्या नेमका उलट मागणी करतो. त्याने सांगितलेले विद्यार्थ्याने तपासावे, चूक निघाली तर भर वर्गात सांगावी, आणि विद्यार्थ्याचे मोजमाप बरोबर असेल तर शिक्षकाने आपले म्हणणे मागे घ्यावे. या दोन नात्यांचा मेळ गोड शब्दांनी बसत नाही. ‘सूफीही अनुभवाला महत्त्व देतात आणि विज्ञानही’ असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो फसवा आहे. सूफीचा अनुभव एकट्याचा असतो आणि तो दुसऱ्याला जसाच्या तसा देता येत नाही, हीच त्याची थोरवी मानली जाते. प्रयोगाचा अनुभव दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून पाहिल्याशिवाय ज्ञान ठरत नाही. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यालाही शरणागतीचे शिक्षण मानवणारे नाही.

तेव्हा निवड करावी लागते. परंपरेतली शरणागती बाजूला ठेवून सेवा घ्यायची. गुरूची सत्ता नाकारून लंगराची पंगत ठेवायची. ही निवड परंपरेशी बेइमानी आहे असे काहींना वाटेल. पण खानकाहाच्या इतिहासातच अशा निवडी झाल्या आहेत. कुणी राजाश्रय नाकारला, कुणी घेतला. कुणी अरबी-फारसीत लिहिले, कुणी दखनीत. मूल्यांचा खरा प्रश्न निवडीनंतरचा आहे. ती संस्थेत राहतात कुठे? वेळापत्रकातल्या एका तासात, प्रवेशद्वारावरच्या नावात, की कामाच्या रीतीत?

दर्ग्याच्या परंपरेतून वाढलेल्या विद्यापीठाचे मराठी प्रदेशाला सर्वांत जवळचे उदाहरण सीमेपलीकडच्या कलबुर्गीत, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्यात, आहे. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (निधन १४२२) दिल्लीहून दक्षिणेत आले आणि फिरोजशाह बहमनीच्या काळात गुलबर्ग्यात स्थिरावले. त्यांच्या दर्ग्याच्या सज्जादानशीनांनी, म्हणजे वारसाने आलेल्या प्रमुखांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणसंस्था सुरू केली. तिची अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये झाली आणि पुढे ख्वाजा बंदेनवाज विद्यापीठ उभे राहिले. दर्ग्याची प्रतिष्ठा आणि साधने आधुनिक शिक्षणाकडे वळवणे ही लहान गोष्ट नव्हे, विशेषतः मुलींच्या शिक्षणासाठी. पण वैद्यक आणि अभियांत्रिकी म्हटले की अभ्यासक्रम, शिक्षकसंख्या, परीक्षा हे सगळे राष्ट्रीय नियामक ठरवतात, आणि ते इथून तिथून सारखेच असते. त्यात खानकाहाची रीत शिरायला फट फारशी उरत नाही. शिवाय ते शहरातले विद्यापीठ आहे. ग्रामीण विद्यापीठाचा नमुना शोधायला त्यामुळे दुसरीकडे वळावे लागते, आणि तो सिंधुदुर्गाच्या उशाशीच आहे.

कुडाळ तालुक्यातून सह्याद्री चढून माथ्यावर आले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात पाटगाव लागते. तिथे सतराव्या शतकातल्या मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराजांनी त्यांची भेट घेतल्याचे सांगितले जाते. या मौनी महाराजांचे नाव घेऊन त्याच तालुक्यातल्या गारगोटीला जे. पी. नाईक यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मौनी विद्यापीठ उभे केले. नाईक स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, धारवाडकडच्या उप्पिनबेटगिरी गावात ग्रामरचनेचे काम केलेले. पुढे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव म्हणून देशभर ज्ञात झाले. चित्रा नाईक यांचेही नाव गारगोटीच्या कामाशी जोडलेले आहे. संताचे नाव, माळावरची संस्था, आणि शिकवायचे काय तर शेती, ग्रामीण अभियांत्रिकी, शिक्षकांचे प्रशिक्षण, सहकार. धार्मिक शिक्षण नव्हे. मठाकडून नाव आणि लोकांचा विश्वास घेतला, ज्ञान मात्र आजचे दिले, इतका साधा हा व्यवहार होता.

१९५४ साली के. एल. श्रीमाळी यांच्या समितीने ग्रामीण उच्च शिक्षणाची पाहणी केली आणि १९५६पासून केंद्र सरकारने देशात काही निवडक ‘रूरल इन्स्टिट्यूट’ चालू केल्या. गारगोटी त्यांतली एक. अमरावती, गांधीग्राम, श्रीनिकेतन अशी नावे त्या यादीत होती, आणि दिल्लीची जामिया मिलिया इस्लामियाही होती. १९२०मध्ये अलीगढला जन्मलेल्या आणि नंतर दिल्लीला आलेल्या जामियाचे झाकिर हुसेन हेच १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या नई तालीम समितीचे अध्यक्ष होते. हाताने काम करत शिकणे ही कल्पना हिंदू आश्रमाची की मुस्लिम शिक्षणसंस्थेची, असा वाद त्या पिढीला सुचला नसता.

या संस्थांचे पुढे काय झाले ते मात्र उघड्या डोळ्यांनी पाहायला हवे. तीन वर्षांची ग्रामसेवा पदविका घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला नोकरीच्या बाजारात पदवीधर म्हणून कुणी विचारेना. पालकांनी विचारले, बी.ए. मिळणार का? मिळणार नसेल तर पोरगा इथे राबेल कशाला? हळूहळू बहुतेक संस्था जवळच्या विद्यापीठाशी संलग्न होऊन नेहमीची महाविद्यालये झाली. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाल्यावर गारगोटीचाही मार्ग तोच ठरला. गांधीग्रामला १९७६मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो अपवाद. अपयश मूल्यांचे म्हणता येणार नाही. पदवीचे मोल ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी ग्रामीण कामाला मोल दिले नाही. ग्रामीण म्हणजे दुय्यम, ही वर्गवारी संस्थेच्या पाटीवर लागताच विद्यार्थी तिथून पळू लागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सिंधुदुर्गाच्या स्वतःच्या हद्दीत विद्यापीठ झाले नाही. इथली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पण १९४८ साली कणकवलीजवळ एक संस्था सुरू झाली, जिने मूल्य आणि विज्ञान यांचा सांधा गारगोटीपेक्षाही घट्ट बसवून दाखवला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन (१८९४–१९७१), म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात, त्यांचा गोपुरी आश्रम. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनी केला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, उच्चवर्णीय कैद्यालाही भंगीकाम करू द्यावे यासाठी त्यांनी उपोषण धरले. येरवड्यात गांधीजीही त्यांच्यासाठी उपाशी राहिले आणि सरकारला नमावे लागले. इथवर ही त्यागाची गोष्ट आहे आणि तशा गोष्टी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. अप्पासाहेबांचे वेगळेपण तुरुंगातून बाहेर आल्यावर दिसते. मैला उपसण्याचे काम सर्वांनी वाटून घ्यावे एवढ्यावर न थांबता, ते काम माणसाला हाताने करावेच लागू नये अशी रचना कोणती, हा प्रश्न त्यांनी घेतला. गोपुरीत संडासाचे नमुने झाले, सोनखताचे प्रयोग झाले, मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्याचे काम चालले, संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्रावर काम झाले.

पुढे देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉ. सुहास मापुसकरांनी अप्पासाहेबांच्या गॅस संयंत्राच्या कल्पनेत सुधारणा करून ‘मलप्रभा’ संयंत्र विकसित केले. तुकोबांच्या गावात घरोघर संडास झाले ते मापुसकरांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीतून, आणि त्या चिकाटीचे एक मूळ कणकवलीत सापडते. खानकाहात नवख्याला आधी पाणी भरायला लावत, ते त्याचा ताठा मोडावा म्हणून. गोपुरीत त्याच प्रकारचे काम ताठा तर मोडतेच, पण त्यातून जिवाणूंचा, तापमानाचा, मिश्रणाच्या प्रमाणाचा प्रश्नही उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या गावात तपासून पाहता येते. सेवा आणि प्रयोग इथे एकाच कामाची दोन अंगे आहेत. मूल्यशिक्षणाचा वेगळा तास गोपुरीला लागला नाही.

या रीतीने सिंधुदुर्गाकडे पाहिले तर विद्यापीठाने कशाचा अभ्यास करावा हे ठरवायला समिती नेमण्याची गरज भासू नये. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१. दहा वर्षांपूर्वी ती ८,६८,८२५ होती. माणसे घटणाऱ्या जिल्ह्यात साक्षरता मात्र ८५ टक्क्यांवर. शिकायचे आणि मुंबईला जायचे, हा इथला शिक्षणाचा खरा अभ्यासक्रम झाला आहे. मनीऑर्डरीची जागा आता मोबाइलवरच्या पैशांनी घेतली, एवढाच फरक.

मालवणच्या किनाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आत प्रवाळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी. मच्छीमारांचा त्याला विरोध झाला आणि तो अडाणीपणाचा विरोध नव्हता. कुठे मासे वितात, कोणत्या वाऱ्यात कोणती मासळी किनाऱ्याला लागते, याची बारीक माहिती ज्यांच्याकडे होती, त्यांना त्या आखणीत जागा नव्हती. त्याच समुद्रात आज रापणवाले एका बाजूला आणि पर्ससीन व एलईडी दिव्यांची मासेमारी दुसऱ्या बाजूला, असा झगडा आहे. रापण ही सामूहिक ओढ. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, म्हाताऱ्यालाही मिळतो. फुतूह वाटून टाकण्याच्या नियमाशी या वाटपाचे नाते दिसते, पण रापण नुसती गौरवून भागत नाही. मासळी कमी का होते आहे, पाण्याचे तापमान, जाळ्याच्या आसाचा आकार आणि पकडीचा काळ यांपैकी कशाचा वाटा किती, हे मोजावे लागते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तरुण मच्छीमार मोकळा असतो. शहरी विद्यापीठाचे वर्ष नेमके तेव्हा प्रवेशाच्या धांदलीत असते. इथले विद्यापीठ ते दोन महिने सागरी जीवशास्त्र, इंजिनदुरुस्ती आणि पकडीच्या नोंदींच्या सघन वर्गांना देऊ शकेल. ज्या नोंदी नाखवा डोक्यात ठेवतो त्या वहीत उतरल्या की संशोधकाला त्या तपासता येतील आणि नाखव्यालाही संशोधकाला खोडून काढता येईल.

दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूला दुसरा विषय आहे. २०१६पासून तिथे माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलातला ताप पसरला. तो पसरवते गोचीड. काजूच्या बागेत आणि जंगलात जाणाऱ्यांना तो होतो. रक्ताचे नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागले. जंगलात जाणारी बाई, आशा कार्यकर्ती, वनरक्षक, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ ही सगळी एकाच साखळीतली माणसे आहेत. एकत्र बसण्याची जागा त्यांना नाही. खानकाहाची मोठी देणगी हीच होती की वेगवेगळ्या थरांतली माणसे एका चटईवर बसत. बाकी काजूवर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने केलेले काम दाखवते की प्रश्न इथला, संशोधन इथेच आणि वाण शेतकऱ्याच्या बागेत, हे जमू शकते. ते केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येते आणि त्याच्या कलमांना मागणी कोकणाबाहेरूनही आहे. जांभ्याच्या सड्यांवरच्या पावसाळी वनस्पती आणि कुडोपीसारख्या ठिकाणची कातळशिल्पे यांचा नीट अभ्यास अजून पुष्कळ बाकी आहे.

अशा विद्यापीठात सूफी किंवा संतविचार शिकवायला कायद्याची आडकाठी नाही, मर्यादा आहे. घटनेच्या अनुच्छेद २८नुसार संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते कुणावर लादता येत नाही. पण १९७१ साली डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात, गुरू नानक विद्यापीठाच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने संताच्या जीवनाचा व शिकवणुकीचा शैक्षणिक अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांत फरक केला. शेख महंमद आणि सोहिरोबा इतिहास, भाषा, समाज यांच्या अंगाने वाचता येतील, चिकित्सेसह. दर्ग्यात किंवा मठाच्या गाभाऱ्यात बाईला कुठवर प्रवेश, हा प्रश्नही त्या चिकित्सेत येईल, यायलाच हवा. भाषा मराठी, आणि क्षेत्रकामात मालवणी. प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात जाते तसा त्याचा निष्कर्ष ज्या गावातून माहिती घेतली त्या गावच्या सभेत, ग्रामस्थांना उलट प्रश्न विचारता येतील अशा रीतीने, मांडला जावा.

उरतो पैशाचा आणि पदवीचा प्रश्न, ज्यावर गारगोटीची पिढी अडली. सरकारी अनुदानावर पूर्ण विसंबले तर नियमांची चौकट मिळते. देणगीदारावर विसंबले तर त्याचे नाव आणि त्याची मर्जी सांभाळावी लागते. दरबाराच्या मेहेरबानीला चिश्ती ज्या कारणाने बिचकत, ते कारण आजही लागू आहे. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावची मंदिरे बांधली, शाळांना खोल्या दिल्या. त्यांच्याकडून लहान लहान वार्षिक वर्गणी हा कोकणाला परिचित मार्ग आहे. पदवीबाबत मात्र वेगळी चूल मांडण्याचा मोह टाळावा. ग्रामसेवा पदविकेसारखे वेगळे नाव देण्यापेक्षा मान्य विज्ञान पदवीच द्यावी आणि तिच्या निम्म्या श्रेयांकांसाठी प्रत्यक्ष काम ठेवावे. मग ते काम गोचीड मोजण्याचे असो, जाळ्याचा आस मोजण्याचे असो की संडासाच्या खड्ड्याचे. स्वतंत्र विद्यापीठाचा कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जिल्ह्यातली दोन-तीन महाविद्यालये, वेंगुर्ल्याचे केंद्र आणि गोपुरीसारखी संस्था यांनी एकत्र येऊन स्वायत्त अभ्यासक्रम चालवायचे ठरवले, तर त्याची सुरुवात एका जूनमध्ये, होड्या किनाऱ्याला लागल्या की, करता येईल.